गळणे, गाळणे, गाळ

पान गळतं, पाणी गाळतात आणि तळाशी बसतो तो गाळ. मराठीने तिन्ही शब्द एकाच धातूतून काढले आहेत, आणि माहूरच्या डोंगरातले ओढे समजायला एवढं व्याकरण जवळपास पुरतं. गडापासून दत्तशिखरापर्यंतच्या उतारांवर सागाची झाडी आहे, आणि झाडी दिसली की माती सुखरूप, असं आपण धरून चालतो. पण सागाचं पान निरखून पाहावं. हातभर लांब, खरखरीत. बारीक सरीचे थेंब त्यावर जमतात, एकमेकांत मिसळतात आणि टोकाशी येऊन टपोरा थेंब होऊन सुटतात. आठ-दहा मीटर उंची मिळाली की अशा थेंबाचा वेग आभाळातून येणाऱ्या थेंबाच्या जवळ जातो. मोठ्या थेंबाला तो सेकंदाला ९ मीटरपर्यंत असतो. झुडूप-गवत नसलेल्या सागाच्या लागवडींत हा मार उघड्या रानातल्या पावसापेक्षा जड भरतो, हे मोजून झालेलं आहे. आडोसा शोधायचा तर चिंचेखाली जावं. साग इमारतीला चांगला.

मग माती राखतं कोण? उन्हाळ्यात गळून पडलेलं तेच पान. पाचोळ्याचा थर थेंबाचा मार झेलतो, पाणी मुरवतो, उरलेलं गाळून सोडतो. ओढ्यात वाळकी फांदी आडवी अडकते, तिच्यामागे पानं थटतात, पानांमागे मुरूम साचतो. ओंजळभर पाण्याचा हा बांध कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. कुणी म्हणेल, दगडमाती वाहून नेणं हा ओढ्याचा धर्मच आहे. खरं आहे, पैनगंगेची वाळू अशीच घडली. प्रश्न आहे तो बारीक मातीचा. स्वीडनच्या युल्स्ट्रोम यांनी १९३५ साली दाखवलं की चिकट माती जागची हलवायला वाळूपेक्षा जोराचं पाणी लागतं, पण एकदा उचलली की संथ धारही तिला दूर नेते. म्हणजे तिला अडवायचं ते सुटण्याआधी. खाली ती बंधाऱ्यालाही सहज दाद देत नाही.

मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा मोकळी लागते, म्हणून पाचोळा पेटवतात, आणि ज्यांची वर्षाची मीठमिरची त्या फुलांवर चालते त्यांना उपदेश करणं सोपं आहे. पण मोहाखालचा गोल झाडून घेतला तरी फुलं दिसतात. काडी लावली की आग गोलात थांबत नाही, आणि जूनचा पहिला पाऊस राखेवर पडतो. धरणातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना २०१७मध्ये आली, आणि ती चांगलीच आहे. मात्र तिला पोकलेन लागतो, डिझेल लागतं. पाचोळा जागच्या जागी ठेवायला काडीपेटी खिशात राहिली तरी पुरे.