रिपब्लिकन पक्षाची जन्मकथा

नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना दरवर्षी एक प्रश्न घालतो : संविधानात राजकीय पक्षांविषयी काय लिहिले आहे? चौकस मुले दहावी अनुसूची शोधून काढतात. पण ती आली १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने, आणि तीही पक्षांतर रोखण्यासाठी. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने प्रौढ मताधिकार दिला, संसद दिली. पक्ष मात्र लोकांनी आपापले घडवावेत, असेच जणू गृहीत धरले. आपल्या समाजाने आपला पक्ष कसा घडवला, हे पाठ्यपुस्तकात एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे येत नाही. स्मरणिकेच्या वाचकांसमोर ती कथा ठेवावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

बाबासाहेबांनी पहिला पक्ष काढला तो ऑगस्ट १९३६ मध्ये. त्याच्या नावात जात नव्हती. होता तो मजूर. स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप घडवला. पुढे १९४२ मध्ये क्रिप्स योजना आली आणि तीत अस्पृश्यांच्या संरक्षणाची खात्रीलायक तरतूद नव्हती. त्याच जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. वर्गाकडून जातीकडे ही माघार होती, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. वाटाघाटीच्या मेजावर जेव्हा समाजानिहाय खुर्च्या मांडल्या जातात, तेव्हा आपली खुर्ची मागावीच लागते.

परंतु प्रजासत्ताकात हिशेब बदलला. १९५२ च्या निवडणुकीत फेडरेशनचे दोनच उमेदवार लोकसभेत पोचले : सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि करीमनगरातून एम. आर. कृष्णा. खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले. जागा राखीव असली तरी मते सर्वांची होती. संविधानाच्या शिल्पकाराला ती पुरेशी मिळाली नाहीत. अल्पसंख्य समाज एकटा लढून बहुमताच्या राज्यात फार दूर जाऊ शकत नाही, हे त्या निकालाने लख्ख दाखवले. सर्व वंचितांना सामावून घेणारा नवा पक्ष हवा, हा विचार यानंतर दृढ होत गेला.

त्या पक्षाचे नाव ठरले रिपब्लिकन. नाव परके वाटते, पण कल्पना आपल्या घरची आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीला सांगितले होते की, भारताला संसदीय पद्धती अनोळखी नाही. भिक्षुसंघात आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम होते. विनयपिटक उघडून पाहावे. संघापुढे आधी ज्ञप्ती मांडली जाई, आणि मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते घेतली जात. आपल्या वसतिगृहाच्या सभेत गणपूर्तीवाचून कामकाज सुरू होत नाही, तेव्हा मुले कळत-नकळत हाच वारसा चालवत असतात.

पक्षासाठी माणसे घडवावी लागतात, हेही त्यांनी ओळखले होते. जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. आधी शाळा आणि मग पक्ष, हा क्रम मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. पण ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. १९५७ ची निवडणूक फेडरेशनच्याच नावाने लढली गेली; संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून निवडून आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष जन्मला आणि एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. ज्यांनी तो कल्पिला, ते पाळण्यापाशी नव्हते.

दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, फूट पडली. एकीकडे दादासाहेब, दुसरीकडे बी. सी. कांबळे, कांबळ्यांच्या गटाला ‘दुरुस्त’ म्हणत, म्हणून दुसरा आपोआप ‘नादुरुस्त’. मतभेद खरे होते : जमिनीच्या लढ्याला किती महत्त्व द्यावे, डाव्यांशी किती जवळीक ठेवावी. पण आमच्या वस्तीपर्यंत पोचेतो मुद्दे गळून गेले आणि उरली फक्त गटांची नावे. माझे वडील एका गटात, थोरले चुलते दुसऱ्या; भावाभावांचे बोलणे बंद झाले.

मला अशा वेळी कोशंबीचे भिक्षू आठवतात. शौचकूपातील पाण्याच्या भांड्यावरून त्यांच्यात कलह पेटला, भगवंतांनी समजावले तरी ऐकेनात, तेव्हा भगवंत पारिलेय्यक वनात निघून गेले. मग कोशंबीच्या उपासकांनी भिक्षूंना वंदन करणे व भिक्षा घालणे थांबवले. भुकेले भिक्षू श्रावस्तीला गेले आणि समेट झाला. या कथेत भगवंतांइकेच उपासकही मला महत्त्वाचे वाटतात. आपण नेत्यांना दोष देतो, पण दोन्ही गटांना भिक्षा घालत राहिलो ते आपणच.

तरीही त्या फुटलेल्या पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा केला, हे विसरू नये. बायका तान्ही मुले घेऊन तुरुंगात गेल्या. माझे वडीलही गेले. त्या दिवसांत आमच्या घरी ज्वारीचे पोते कोणी आणून टाकले, हे आईने मला मोठेपणी सांगितले : थोरल्या चुलत्यांनी, अंधार पडल्यावर, एक शब्द न बोलता.