रिकामे स्टूल

२०२२ सालचा पाऊस आमच्या आळंदच्या रानात नको तितका लांबला. पुढे शेंगा भरण्याच्या ऐन वेळी उभी तूर जागच्या जागी वाळू लागली. मराठीत या रोगास मर म्हणतात; आमचे कन्नड शेजारी त्यास नेटे रोग म्हणतात. मातीतील बुरशी मुळांवाटे आत शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजवून टाकते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. खोड उभे चिरले की आत काळपट रेघ दिसते. मी कितीतरी खोडे चिरून पाहिली. त्याचा काही उपयोग नव्हता. पण हात स्वस्थ बसत नव्हते.

सोसायटीचे कर्ज घरात सर्वांस ठाऊक होते. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी एका सावकाराकडून आणखी एक रक्कम उचलली होती. ती मात्र कोणास ठाऊक नव्हती, माझ्या पत्नीसही नव्हती. सुगीवर फेडून टाकू, मग सांगायचे तरी कशाला, असा माझा हिशेब होता.

आमच्याकडे मिस्सा कन्नडमध्ये होते. पण घरची जपमाळ आजीने शिकविली तशी मराठीतच चालते. त्या दिवसांत ओठांवर ‘नमो मरिया’ असे आणि मनात व्याज. दहा मणी सरेपर्यंत एका महिन्याचा आकडा मांडून होई. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय उघडला, तर आकाशातील पाखरांचे ते वचन वाचून मला रागच आला. पाखरांना हप्ते नसतात, असे मी मनात म्हणालो. प्रायश्चित्ताच्या वेळी हेही सांगून टाकले.

आमचे धर्मगुरू रागावले नाहीत. त्यांनी मला येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो यांच्याविषयी सांगितले. मुंबईत १९३१ साली जन्मलेल्या या धर्मगुरूंनी पुण्यात साधना संस्था सुरू केली व पुढे ती लोणावळ्यास नेली. ‘साधना’ या नावाचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७८ साली निघाले. स्वस्थ बसणे, अंगास काय जाणवते तिकडे लक्ष देणे, श्वास येताजाताना देवाचे स्मरण ठेवणे, असे साधे अभ्यास त्यात आहेत. त्यांच्या लिखाणातील, विशेषतः नंतरच्या पुस्तकांतील, काही मतांविषयी रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली, हेही धर्मगुरूंनी सांगितले. वाचकांनीही ते ध्यानात ठेवावे.

त्या पुस्तकात एका आजारी माणसाची हकीकत आहे. त्यास प्रार्थना जमत नसे. तेव्हा एका मित्राने सांगितले, समोर एक रिकामी खुर्ची ठेव, तीवर येशू बसला आहे असे मान आणि त्याच्याशी बोल. तो रोज तसे बोलू लागला. तो वारला तेव्हा त्याचे मस्तक त्या खुर्चीवर टेकलेले आढळले.

आमच्या ओसरीवर एक जुने लाकडी स्टूल होते. सर्व निजल्यावर मी ते समोर ओढले. पहिल्या रात्री लाज वाटली. मोठा माणूस, आणि स्टुलाशी बोलतो! धर्मगुरूंनी सांगितल्याप्रमाणे नुसता श्वासाकडे लक्ष देऊन बसलो. तर डास चावले आणि मी उठलो. दुसऱ्या रात्री तुरीचे गाऱ्हाणे घातले. तिसऱ्या रात्री माझ्या ध्यानात आले, की तुरीविषयी मी पुष्कळ बोलतो, पण सावकाराचे नाव आले की तेथेही गप्प होतो. ज्यास सर्व ठाऊक आहे, त्याच्यापासूनही मी वही लपवीत होतो. त्या रात्री ते सर्व उघड बोललो. उत्तर काही आले नाही. पण छातीवरचे ओझे थोडे हलले. आणि आता पुढे कोणास सांगावयाचे, हे मला स्पष्ट कळले. ते कळल्याने उलट भीतीच वाटली, हे कबूल करतो.

चौथ्या रात्री पाठीमागून आवाज आला, “अहो, एवढ्या रात्री कोणाशी बोलता?”

मी खरे ते सांगितले. स्टुलाचेही सांगितले आणि कर्जाचेही. ती उंबऱ्यावर बसली. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याला सांगितलंत ते बरं केलंत. पण मला सांगायला चौथी रात्र लागली?”

त्या रात्री मी पहाटेपर्यंत झोपलो. कित्येक आठवड्यांत असे झाले नव्हते.

तूर काही पुन्हा हिरवी झाली नाही. पाच एकरांत वीस क्विंटलची आशा होती, सहा निघाले. सावकाराकडे आम्ही दोघे मिळून गेलो. मी एकटा गेलो असतो तर तो म्हणेल त्यास मान डोलावून आलो असतो. तिने व्याजाचा एकेक महिना बोटांवर मोजून घेतला आणि मुदत मागून घेतली. ते देणे फिटण्यास पुढच्या दोन सुग्या लागल्या.

अजूनही कधी कधी जपमाळेत आकडे शिरतात. शिरले की मी थांबतो, एकदा श्वास घेतो आणि तोच मणी पुन्हा धरतो. स्टूल ओसरीवरच आहे. कोणी पाणी पिऊन त्यावर तांब्या ठेवला, तर पत्नी तो मुकाट्याने उचलून खाली ठेवते.