बारावा मणका

माझ्या पाठीच्या बाराव्या मणक्यात साडेतीन मिलिलिटर सिमेंट आहे. घर बांधतात ते नव्हे. दातांची कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची करतात, त्याच जातीचं. हे ऐकलं की लोक आधी माझ्या पाठीकडे बघतात आणि मग विचारतात, "आता बरं आहे ना?" बरं आहे. फार बरं आहे. पण तेवढंच सांगून मला थांबवत नाही. माझ्या वयाच्या बायकांना जे कळायला हवं, त्यातलं निम्मं त्या सिमेंटच्या आधीचं आहे आणि निम्मं नंतरचं.

कराडहून गावी येताना एसटीत अगदी मागची सीट मिळाली. फाट्यावरचा गतिरोधक ड्रायव्हरला दिसला नाही, गाडी उडाली आणि मी सीटवरून वर जाऊन खाली आपटले. पाठीत अशी कळ आली की तोंडातून आवाज फुटेना. पण मी पडले नव्हते, कुठे खरचटलंही नव्हतं, त्यामुळे हाड मोडलं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. उसण भरली असं घरात सगळे धरून चालले. शेक झाला, निर्गुडीचं तेल झालं. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते असं आमच्याकडे मानतात, म्हणून शेजारच्या काकू त्यांच्या नातवाला घेऊन आल्या. मला पालथं होताच येईना, म्हणून ते राहिलं. मोडलेल्या मणक्यावर त्या पोरानं पाय दिला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

जवळच्या दवाखान्यात कमरेचा एक्स-रे काढला. वयोमानानं मणक्यात गॅप आलीय, असं सांगितलं गेलं. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, कमरेला वजन लावून ताण देण्याचेही काही दिवस झाले. नंतर कळलं की दुखत होता तो मणका त्या फिल्मच्या अगदी वरच्या काठाला, अर्धा आत अर्धा बाहेर, असा आला होता.

या दुखण्याची एक खूण सांगते. उभं राहून भिंतीला टेकलं की सोसवायचं. आडवं होणं, कूस बदलणं आणि उठणं, या तीन वेळी जीव जायचा. कळ पाठीत उठून बरगड्यांवरून पट्ट्यासारखी पोटापर्यंत यायची. शिंक येणार असं नुसतं वाटलं तरी सूनबाई हातातलं काम टाकून धावत यायची आणि पाठीला दोन्ही हात लावून धरायची. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होईना आणि कुंथलं की पुन्हा तीच कळ. सदतीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवताना मी सलग चार-चार तास उभी राहिले, आणि आता मला संडासला नेऊन बसवायला दोन माणसं लागत होती. मुलाला हे बघवेना. तो मला पुण्याला घेऊन गेला.

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी कागद पाहिलेच नाहीत. मला स्टुलावर बसवून मानेपासून खाली एकेका मणक्यावर मुठीनं हलकेच ठोकत आले. एका ठिकाणी मी ओरडले. तिथे त्यांनी पेनानं खूण केली आणि एमआरआय सांगितला. बाराव्या मणक्याचं चित्र त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. वरचे-खालचे मणके चौकोनी, हा पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झालेला, आणि आत पाणी साचल्यामुळे पांढरा चमकणारा. हा पांढरा रंग म्हणजे मोड ताजी आहे. बरगड्यांचा पिंजरा ताठ असतो, कंबर लवचिक. जिथे हे दोन भाग भेटतात तिथे, म्हणजे बाराव्या मणक्यावर किंवा कमरेच्या पहिल्यावर, सगळा झटका येतो. म्हणून हेच दोन सर्वांत जास्त मोडतात.

त्याच चित्रात आठवा मणकाही दबलेला होता. तो मात्र काळा, जुना, जुळून गेलेला. हा कधी मोडला? काही वर्षांपूर्वी गॅसची टाकी सरकवताना पाठ धरली होती आणि महिनाभर दुखून थांबली होती. तेव्हा आम्ही वात म्हणालो होतो. डॉक्टर म्हणाले, "बाई, मणक्याच्या अशा मोडींपैकी साधारण एक तृतीयांशच डॉक्टरपर्यंत पोचतात." मग त्यांनी माझी उंची मोजली. घरी आल्यावर मी सेवापुस्तक काढून बघितलं. नोकरीला लागताना १५४ सेंटिमीटर लिहिलं होतं. आता १४८ भरली. परकर जमिनीवर लोळतो म्हणून मी दोनदा टीप घालून घेतली होती, मसाल्याच्या डब्यांची फळी सूनबाईनं एक खण खाली आणली होती. पुरावा वर्षानुवर्षं घरात पडून होता.

माझ्या आईला पोक आलं होतं. आजीलाही. आमच्या आळीत साठीच्या पुढची बाई वाकून चालणार हे आम्ही केस पिकण्याइतकं साहजिक धरलं होतं. त्यातल्या कितीजणींचे मणके एकेक करून मोडले असतील आणि त्यांनी 'पाठ भरून आलीय' एवढंच म्हणत चुलीपुढे बसून भाकरी थापल्या असतील!

उपचाराबद्दल डॉक्टर जे बोलले, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही. अशी मोड बहुतेकांची दीड-दोन-तीन महिन्यांत आपोआप जुळते, दुखणं उतरत जातं, असं आधी स्पष्ट सांगितलं. दुसरा मार्ग व्हर्टिब्रोप्लास्टीचा. पाठीतून जाड सुई मणक्यात घालून पातळ सिमेंट सोडायचं. ते घट्ट झालं की मोडलेले तुकडे हलत नाहीत. फ्रान्समधल्या अमियाँ शहरात १९८४ मध्ये गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी हे पहिल्यांदा केलं. पुढे ठिसूळ हाडांसाठी त्याचा वापर वाढला. कायफोप्लास्टी ही त्याची पुढची तऱ्हा. तिच्यात आधी मणक्यात छोटा फुगा फुगवून जागा करतात आणि मग त्या पोकळीत सिमेंट भरतात. तिचा खर्च बराच जास्त, आणि माझ्या मणक्याला तिची गरज नाही असं त्यांचं मत पडलं.

मी विज्ञानाची शिक्षिका. मी विचारलं, "याचा उपयोग होतो हे कशावरून?" ते हसले नाहीत, खुर्ची ओढून बसले. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. निम्म्या रुग्णांना खरं सिमेंट भरलं, निम्म्यांना नुसतं भासवलं. त्यांची पाठ बधिर केली आणि सिमेंटचा वासही खोलीत येऊ दिला, म्हणजे आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला ओळखू येऊ नये. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात, मोड सहा आठवड्यांच्या आतली आणि दुखणं तीव्र असेल तर सिमेंटचा फायदा दिसला. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात पुन्हा फरक दिसला नाही. एवढं सांगून ते म्हणाले, "म्हणून मी सरसकट कुणाला करत नाही. तुमची मोड ताजी आहे, गोळ्या पुरत नाहीत आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. नुसतं पडून राहिलं की हाडं आणखी विरतात, छातीत कफ धरतो, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात. ठरवा."

सिमेंट बाहेर झिरपू शकतं हेही त्यांनी लपवलं नाही. बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही. पण मज्जारज्जूकडे गेलं तर पायातली ताकद जाऊ शकते, शिरेतून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. कागदावर सही करताना मुलाचा हात थांबला. मी म्हटलं, आण इकडे, पाठ माझी आहे.

मला सर्वांत जास्त भीती पालथं झोपण्याची होती. छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशा देऊन चौघांनी मला एका दमात उलटं केलं. शिरेतून गुंगीचं औषध दिलं, पण पूर्ण भूल नव्हती. पाठीवर औषध फासल्याचा गारवा, मग बधिर करायच्या इंजेक्शनची आग. खोलीत सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड अ‍ॅप्रन होते, कारण सी-आर्म नावाचं कमानीसारखं यंत्र सारखे एक्स-रे घेत होतं आणि सुई कुठे चाललीय ते त्या पडद्यावर बघूनच ठरत होतं. मणक्याच्या मागच्या अंगाला हाडाचे दोन आखूड खांब असतात, सुई त्यातूनच पुढे न्यायची. मिलिमीटरभर आत सरकली तर मज्जारज्जू. छोट्या हातोडीनं सुईवर टक् टक् सुरू झालं. दुखलं नाही, पण तो ठोका मला जबड्यात जाणवत होता. मध्येच आवाज यायचा, "बाई, पायाची बोटं हलवा." मी हलवायची.

मग तो वास आला. कवळीचं माप द्यायला गेले होते तिथला उग्र वास. भुकटी आणि द्रव एकत्र करून नर्स ढवळत होती. त्यात बेरियम घातलेलं असतं, म्हणून ते पडद्यावर काळं दिसतं आणि कुठवर पोचलं ते कळतं. टूथपेस्टइतकं घट्ट होईपर्यंत थांबायचं आणि मग हळूहळू सोडायचं; लवकर सोडलं तर पातळपणामुळे वाहतं, उशीर केला तर सुईतच अडकतं. "भरतोय," डॉक्टर म्हणाले आणि खोली गप्प झाली. एकेक थेंब, एकेक चित्र. घट्ट होताना त्या रसायनातून उष्णता बाहेर पडते हे मला माहीत होतं, तशी पाठीत खोलवर ऊब आली की मला नुसती वाटली, सांगता येणार नाही. सुया निघाल्या. टाका एकही नाही, दोन लहान पट्ट्या फक्त.

दोन तास उताणं पडून राहायचं होतं. त्यानंतर नर्सनं कुशीवर वळायला मदत करायला हात पुढे केला, तोवर मी वळले होते. सुई टोचल्याची ठणक होती, पण ती जीवघेणी कळ नव्हती. मी परत या कुशीवरून त्या कुशीवर वळून बघितलं. सूनबाई रडायला लागली. रात्री मी एकटी उठून बाथरूमला जाऊन आले. हे सिमेंटनं झालं, दिवस उलटल्यानं झालं की होईल या विश्वासानं, हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून सिद्ध होत नाही. मुलांना मी हेच शिकवत आले. पण मला चालता आलं, ही गोष्ट माझ्यासाठी लहान नाही.

दुसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, "सिमेंट एका मणक्यात आहे. बाकीची हाडं कालच्यासारखीच आहेत." एक मणका मोडलेल्या बाईचा वर्षभरात आणखी एक मोडण्याचा धोका पाचात एक एवढा असतो. हे वाक्य मी येईल त्या प्रत्येकीला ऐकवते, कारण इथेच बहुतेक घरं थांबतात. "सिमेंट भरलं ना, मग रोज इंजेक्शन कशाला?" असं माझ्या सख्ख्या दिरानं विचारलं. माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. माझा उणे ३.४ होता. ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. रक्ताचा कॅन्सर नाही, थायरॉइड-पॅराथायरॉइडचा दोष नाही, याचीही खात्री करून घेतली. नवीन हाड तयार करणारं टेरिपॅराटाइड मी रोज पोटावर टोचून घेते, २० मायक्रोग्रॅम. त्याचं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून वीज गेली की सूनबाई फ्रिजचं दार कुणाला उघडू देत नाही. हे औषध जास्तीत जास्त दोन वर्षं. ते संपल्यावर दुसरं सुरू केलं नाही तर कमावलेलं हाड पुन्हा जातं, म्हणून पुढे वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाइन घ्यायची आहे.

विळीवर बसून चिरणं बंद, केर वाकून काढणं बंद, योगवर्गातली पुढे वाकायची सगळी आसनं बंद. पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या काठावर भार येतो आणि तोच तर चिरडलेला असतो. पाठ मागे ताणायचे व्यायाम मात्र रोज, आणि उन्हात चालणं.

डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता, पाळी कधी गेली? अडतिसाव्या वर्षी अंगावर जातं म्हणून माझी पिशवी काढली, सोबत अंडाशयंही. अंडाशयं गेली की हाडांना सांभाळणारं इस्ट्रोजेन एका दिवसात जातं. तेव्हा हे मला कुणीच सांगितलं नाही. आमच्या शिवारात ऊस तोडायला बीडकडच्या बायका येतात. तिशीच्या आतबाहेर पिशवी काढलेल्या त्यांच्यात कितीतरी आहेत. २०१९ मध्ये हा विषय विधान परिषदेत गाजला, सरकारनं समिती नेमली. ज्यांची अंडाशयंही गेली, त्या डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दिसल्या की त्यांच्या मणक्यांचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. त्यांची डेक्सा कोण करणार, आणि रोजचं इंजेक्शन कोण देणार? या हंगामात गावच्या उपकेंद्रातल्या आशाताईंना मी विचारलं, निदान ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या टोळ्यांपर्यंत नेता येतील का. त्यांनी वर विचारून सांगते म्हटलंय. मी दर आठवड्याला आठवण करते.

माझी धाकटी बहीण सांगलीला असते. तिचीही पिशवी चाळिशीआधीच काढलेली. "मला कुठं काय होतंय," म्हणते. दिवाळीला ती इकडे येणार आहे. कराडला डेक्साची वेळ मी तिच्या नावानं घेऊन ठेवली आहे.