पद्मिनीचा लाल दिवा

कोपरीत आज पावसाची झड लागलीय. वायपर आणि हेडलाइट दोन्ही चालू, आणि कोपरी पुलावरच्या खोळंब्यात डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. कुर्ल्यात घडलेल्या जुन्या पद्मिनीचा हा स्वभावच आहे. इंजिन संथ असताना चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकला तर घाबरू नये. वेग वाढवूनही विझला नाही, तर मात्र बॉनेट उघडावं.

उठसूट नवी बॅटरी टाकायचा सल्ला मला पटत नाही. माझा दिवा वेग वाढवूनही विझेना, म्हणून आधी पट्टा ताणून पाहिला, बॅटरीचे टर्मिनल घासले. मग डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढल्या, डी आणि एफ टोकं एकमेकांना जोडली, मीटरची एक वायर त्या जोडाला आणि दुसरी बॉडीला लावली. वेग हळूच वाढवताच काटा सरसर चढला. डायनॅमो धडधाकट! म्हणजे दोष पुढे, रेग्युलेटरच्या डबीत. कटआउटच्या पॉइंटवर काजळी धरली होती. बॅटरीची वायर सोडवून बारीक पॉलिश पेपर फिरवला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हा फार वाईट वाटलं होतं. माझी ही गाडी तरी चालती राहायला हवी. आता मीटर चौदा व्होल्टच्या आसपास आहे. उद्या कार्बन ब्रश किती झिजलेत ते बघायचं.