सूत्र येत होतं, कारण येत नव्हतं

मी सीएम १ च्या पेपरात नापास झालो आणि नंतर बरेच दिवस नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात ‘निकाल लागायचा आहे’ असं सांगत राहिलो. दोन्ही चुका माझ्याच. दुसरी जास्त वाईट.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमा कंपनीने हप्ता किती घ्यावा, पुढच्या दाव्यांसाठी आज किती पैसा बाजूला ठेवावा, याचा हिशेब मांडतो तो ॲक्च्युअरी. त्याच्या परीक्षा ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया’ घेते. या व्यवसायासाठी २००६ चा स्वतंत्र कायदाच आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमात सीएम १ म्हणजे व्याजाचं आणि आयुर्मानाचं गणित. लेखी पेपरला ७० टक्के वजन, एक्सेलवरच्या पेपरला ३० टक्के. लेखीत १०० गुण आणि एका गुणामागे जेमतेम दोन मिनिटं.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची नमुना उत्तरं इन्स्टिट्यूटच देते. मी प्रश्न वाचायचो, दोन ओळी लिहायचो, अडलो की उत्तर उघडायचो. वाचताना सगळं पटायचं, आणि पटलं की मी पुढच्या प्रश्नाकडे जायचो. वह्या भरत होत्या, सूत्रं पाठ होत होती. रात्री उशिरापर्यंत माझ्या खोलीत दिवा दिसायचा, त्यामुळे घरच्यांना वाटायचं की पोरगा झटतो आहे. झटत होतोच. पण घड्याळ लावून, पुस्तक मिटून, एक अख्खा पेपर मी कधी सोडवला नव्हता. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला आणि हात थांबला. एक्सेलमध्ये तर मी व्याजदर थेट प्रत्येक सूत्रात टाईप केला होता. पुढच्या उपप्रश्नात दर बदलायचा होता. रकाने दुरुस्त करता करता वेळ संपला.

निकाल कळला तेव्हा आईबाबा जेवायला बसले होते. मी काही बोललो नाही, आणि त्या दिवशी बोललो नाही म्हणून पुढे रोज बोलणं अवघड होत गेलं. बडकस चौकात ओळखीचं कुणी दिसलं की मी रस्ता बदलायचो. लपवण्यामुळे नुसता मनस्ताप झाला असं नाही. जो नापासच झालेला नाही, तो पुन्हा अभ्यासाला कसा बसणार? कित्येक आठवडे मी पुस्तक उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर घरी विचारलं असतं.

वाड्यातच एक काका राहतात, जुने विमा एजंट. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, “बाप्पा, तू विम्याचंच शिकून राहिला ना? मग एक सांग. माझं एक गिऱ्हाईक म्हणते, चार वर्षं हप्ते भरले, आता पॉलिसी मोडली तर सगळे पैसे का नाही मिळत? त्याला काय समजावू?”

राखीव निधीचं सूत्र मला झोपेतही लिहिता आलं असतं. काकांना मात्र मी धड एक वाक्य सांगू शकलो नाही.

त्या रात्री मी परीक्षेच्या मृत्युदर-तक्त्यावरून एक साधा हिशेब घेऊन बसलो. वय ४०, आजीवन विमा, रक्कम १ लाख, व्याज ४ टक्के. निव्वळ वार्षिक हप्ता येतो सुमारे १,१५२ रुपये. त्या पहिल्या वर्षी मृत्यूच्या जोखमीची किंमत मात्र शंभर रुपयांच्या आत. ऐंशीच्या घरात तीच जोखीम हप्त्याच्या कितीतरी पट होते, पण हप्ता तेवढाच राहतो. म्हणून सुरुवातीचा जास्तीचा पैसा साठवावाच लागतो. दहा वर्षांनी त्या पॉलिसीमागे सुमारे १२,८०० रुपये हवेत. खऱ्या हप्त्यात यावर कमिशन, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं यांचा खर्च येतो, आणि तो बहुतेक पहिल्या काळातच होऊन जातो. मधेच मोडणाऱ्याला कमी मिळतं ते त्यामुळे. दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं. त्यांनी दोन उपप्रश्न विचारले, आणि माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. त्याच आठवड्यात बाबांनाही खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मग आता कधी आहे परत?”

पुढच्या खेपेला प्रत्येक सूत्र मी आधी शब्दांत लिहिलं: कोण कोणाला, कधी, कशाच्या बदल्यात पैसे देतो. एक्सेलमध्ये गृहीतकं वेगळ्या पानावर ठेवली आणि प्रत्येक रकान्याची पडताळणी केली. रविवारी सकाळी पूर्ण वेळ लावून जुना पेपर सोडवायचा, आणि उत्तर तपासायचं ते दुपारी. बाहेर नागपूरचा उन्हाळा, कूलरचा आवाज, आणि पहिले काही पेपर पूर्ण झालेच नाहीत. पण नेमकं कुठे अडतो ते त्यांतून दिसू लागलं, आणि मागच्या वेळी मला तेच कळलं नव्हतं.

पेपर निघाला. सीएम २ आणि पुढचे बरेच बाकी आहेत. नागपुरात या परीक्षेला बसणारे थोडे आहेत, आणि त्यांतले बरेच जण मी बसलो तसे खोलीत एकटे बसतात. तुम्ही त्यांतले असाल तर विम्याशी रोज काम पडणारा एखादा माणूस शोधा, त्याला आठवड्यातून एकदा शिकवा, आणि निकाल काहीही लागला तरी त्याच दिवशी घरी सांगा.