गाणं कुणाचं आणि फोन कुणाला

फेब्रुवारीत मुंबईहून एका संगीतकारांचा फोन आला. नाव लिहीत नाही, कारण माणूस सज्जन आहे आणि चूक त्यांची नाहीच. सहा वर्षांपूर्वी मी या पेजवर टाकलेला एक व्हिडिओ त्यांनी बघितला होता. आपल्या जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची वारली आजी, धवलेरी, ओट्यावर बसून लग्नातलं गाणं म्हणतेय. जुन्या फॉलोअर्सना आठवत असेल. त्यांना ती चाल ऑर्केस्ट्रासाठी हवी होती. व्हायोलिन, चेलो, बासरी आणि मागे सह्याद्रीतला पाऊस. "सौजन्य म्हणून तुमचं नाव टाकू," म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मी हरखलो. वीस वर्षं रस्ते, कुपोषण, बदल्या, ग्रामसभा करतोय. चेलोशी संबंध पहिल्यांदाच आला. "दोन दिवसांत कळवतो," म्हटलं, ते सुद्धा उगाच भाव खायला.

त्या दोन दिवसांत भाच्याने कॅनडाहून एक फोटो पाठवला. तो विनिपेगला शिकतो. बर्फात अर्धं बुडालेलं एक थडगं. "मामा, हा लुई रिएल. आज इथे याच्या नावाची सुट्टी आहे."

बातमीदाराची खोड, शोधत बसलो. रिएल हा मेटी लोकांचा पुढारी. मेटी म्हणजे आदिवासी आणि फ्रेंच अशा दोन्ही रक्तांतून उभा राहिलेला समाज. सरकारविरुद्ध उठाव केला म्हणून 16 नोव्हेंबर 1885 ला त्याला रेजायना इथे फाशी दिली. पुढे 1967 मध्ये कॅनडाला शंभर वर्षं झाली तेव्हा हॅरी सोमर्स या संगीतकाराने त्याच्यावर ऑपेरा लिहिला, 'लुई रिएल'. त्यात रिएलची बायको बाळाला झोपवताना एक गाणं म्हणते, 'कुयास'. सगळ्या ऑपेरात हेच गाणं गाजलं. मी ऐकलं. एकटा बाईचा आवाज, सोबतीला बासरी आणि थोडी तालवाद्यं. भाषा कळत नाही, पण मोकळ्या माळावर रात्री कुणीतरी लांबून हाक मारावी तसं वाटतं. मला आवडलं, हे आधीच सांगून टाकतो.

आता ते गाणं आलं कुठून? ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, अलास्काच्या हद्दीजवळ, नास नावाची नदी आहे. तिथे निस्गा लोक राहतात. 1927 मध्ये मारिउस बार्बो हे संशोधक आणि अर्नेस्ट मॅकमिलन हे संगीतज्ञ तिथे गेले, गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली आणि मॅकमिलन यांनी ती स्वरलिपीत उतरवली. 'कुयास'ची चाल त्यातलीच.

ते अंगाईगीत नव्हतं. एका प्रमुखाच्या मृत्यूनंतरचं शोकगीत होतं. निस्गांच्या कायद्यात गाणं ही घराण्याची मालमत्ता असते. कुणी म्हणायचं आणि कधी म्हणायचं हे ठरलेलं असतं आणि शोकगीत अवेळी म्हणणं हा अपराध. ते घेतलं, त्यावर क्री भाषेतले शब्द बसवले आणि मेटी बाईच्या तोंडी अंगाई म्हणून दिलं. तीन वेगवेगळे समाज, पण लांबून बघणाऱ्याला सगळे एकच, 'आदिवासी'. आपल्याकडच्या कार्यक्रमांत वारली, कातकरी, भिल्ल असेच एका पिशवीत घालतात, तेव्हा फार हसू नका.

आणखी एक गोष्ट. 1885 पासून 1951 पर्यंत तिथल्या किनाऱ्यावरच्या लोकांना पॉटलॅच करायला कायद्याने बंदी होती. पॉटलॅच म्हणजे ज्या समारंभात गाणी, नावं, हक्क सगळ्यांसमोर मांडले जातात तो. म्हणजे गाणाऱ्याने आपल्या समारंभात गायलं तर गुन्हा, आणि त्याच काळात पाहुण्याने मशीनमध्ये भरून नेलं तर संशोधन.

तसं उत्तरेकडचा बर्फ आणि शांतता यांवर तिकडच्या संगीतकारांनी भरपूर काम केलंय. मरे शेफर यांनी एका रचनेत ऑर्केस्ट्रासोबत चक्क स्नोमोबिल वाजवली. मला ही कल्पना भयंकर आवडली, बर्फातली शांतता मोडणारा आवाज थेट सभागृहात. पियानोवादक ग्लेन गूल्डने 1967 मध्येच रेडिओवर उत्तरेबद्दल एक कार्यक्रम केला, माणसांचे आवाज सुरांसारखे एकमेकांवर चढवून. रचना म्हणून अफाट. पण बोलणारे पाच जण, आणि पाचही बाहेरून तिकडे गेलेले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एकही नाही. (मीही पाड्यांवर बातमी करायला जातो तेव्हा आधी ग्रामसेवकाचा बाइट घेतो. असो.)

2017 मध्ये तो ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आला तेव्हा निस्गा मंडळींनी आणि डिलन रॉबिन्सन या स्टोलो अभ्यासकाने प्रश्न विचारला. चर्चा झाली. मग इअन कसन या मेटी संगीतकाराला त्या जागी नवीन गाणं लिहायला सांगितलं, सोमर्स यांच्या वारसांच्या संमतीने. 2019 मध्ये ते सादर झालं. नवी अंगाई फ्रेंचमध्ये आहे. पन्नास वर्षं गाजलेलं गाणं बाजूला ठेवलं आणि ऑपेरा काही मोडला नाही.

त्याच सुमारास जेरेमी डचर या वोलास्तोकी गायकाने उलट्या बाजूने काम केलं. शास्त्रोक्त गायन शिकलेला मुलगा. संग्रहालयात जाऊन आपल्याच लोकांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नळकांड्या ऐकल्या, पियानोवर त्या गाण्यांच्या रचना केल्या, आणि मधेमधे त्या जुन्या माणसांचे खरखरणारे आवाज तसेच ठेवले. 2018 चं पोलारिस पारितोषिक त्याला मिळालं. ऐका जरूर, कानाला यंत्र लावून ऐका.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझा व्हिडिओ उघडला. खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक गीत सादर करताना एक आदिवासी वृद्धा', आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरात माझं नाव. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, माणसाचं नाव आधी विचारा.

शिवाय जे मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही ते आता सांगतो. आजी आधी नाही म्हणाली होती. घरात लग्न नाही, चौक लिहिलेला नाही, उगाच कशी म्हणू? मी म्हटलं, "आजी, थोडंच म्हण, जगाला कळू दे." तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि म्हटलं. तो नकार मी एडिटिंगमध्ये कापला. मूळ फाइलमध्ये आहे अजून.

आजी तीन वर्षांपूर्वी गेली. परवा पाड्यावर गेलो. तिची सून आता लग्नांत म्हणते. नातू बोईसरच्या एमआयडीसीतून सुट्टीला आलेला. मी मुंबईचा निरोप सांगितला, मोठ्या सभागृहात वाजेल, लोक तिकीट काढून ऐकतील. नातवाला बरं वाटलं असावं, तो आईकडे बघत राहिला.

तिने विचारलं, "लगीन कुणाचं हाय?"

मी म्हटलं, लगीन नाही, कार्यक्रम आहे.

ती भांडी घासायला उठली. थोड्या वेळाने नातूच म्हणाला, "काका, तो व्हिडिओ काढा. पण आधी आम्हाला द्या. आमच्याकडे आजीचा आवाजच नाही." पेन ड्राइव्ह नेला होता, पण घरात लावायला काही नाही. शेवटी ओट्यावर बसून त्याच्या फोनवर पूर्ण फाइल पाठवली, न कापलेली. वीस मिनिटं लागली, रेंज नव्हती म्हणून ब्लूटूथने.

संगीतकारांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मे महिन्यात एखादं लग्न असेल तर नुसतं ऐकायला येऊ का? सुनेला विचारून सांगतो, म्हटलं.

व्हिडिओ काल रात्री काढला. कुणी डाऊनलोड केला असेल तर कृपया फॉरवर्ड करू नका.