बरोबरीचा अर्धा गुण

मराठीत 'बरोबरी' हा शब्द दोन अर्थांनी येतो. माणसामाणसांतली समानता ही बरोबरी आणि बुद्धिबळाचा डाव कुणीच जिंकला नाही, तर तीही बरोबरी. आम्ही मोहल्ल्यातली चार-पाच निवृत्त मंडळी असरच्या नमाजनंतर पट मांडतो, तेव्हा या दुसऱ्या बरोबरीवरूनच जास्त वाद होतात.

वादाची जागा बहुतेक एकच. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही आणि दुसरी एकही खेळी उरलेली नाही. उर्दूत याला 'ज़िच' म्हणतात. आमच्यातले जुने खेळाडू म्हणतात, कोंडला तो हरला. क्लासला जाणारी नातवंडे म्हणतात, "नाही दादा, ही बरोबरी. दोघांना अर्धा-अर्धा गुण."

जुन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. अरब-इराणी शतरंजमध्ये मात देऊन जसे जिंकता येई, तसे ज़िच करूनही जिंकता येई. समोरच्याची सारी मोहरी मारून राजाला एकटे पाडले, तरी डाव जिंकला. एकट्या राजाने लगेच पुढच्या खेळीत समोरच्यालाही एकटे पाडले, तर बहुतेक ठिकाणी बरोबरी धरत; मदिनेत मात्र तेव्हाही निकाल विजयाचाच लागे. इंग्लंडमध्ये तर सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलटाच न्याय होता. तिथे ज़िच करणाराच हरत असे. पट तोच, राजा तोच, पण निकाल तीन तऱ्हेचे. म्हणजे हा नियम आभाळातून पडलेला नाही, माणसांनी ठरवलेला आहे.

आणि नियम ठरला की खेळ बदलतो. एकाकडे राजा आणि एक प्यादे, दुसऱ्याकडे नुसता राजा. प्यादे शेवटच्या घराच्या तोंडाशी, त्याच्या पुढे दुर्बळ राजा आडवा आणि प्याद्याच्या पाठीशी बलवान राजा. खेळी दुर्बळाची, पण त्याला घरच नाही. जुन्या शतरंजच्या नियमाने तो हरला. आजच्या नियमाने वाचला. म्हणून आज एका प्याद्याची आघाडी पुष्कळदा पुरत नाही आणि कमी मोहऱ्यांचा खेळाडूही शेवटपर्यंत आशा सोडत नाही.

गुणांचेही तसेच. 1867 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या स्पर्धेत बरोबरीला अर्धा गुण दिला गेला. त्याच वर्षी पॅरिसला बरोबरी करणाऱ्या दोघांच्याही पदरात शून्य पडले. 1984 साली मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात नियम असा, की सहा डाव जिंकेल तो जिंकला, बरोबरी मोजायचीच नाही. कास्पारोव आधी चार डाव हरला होता. मग त्याने हरायचे नाही एवढेच धरून ठेवले. 48 डाव झाले, त्यांतले 40 बरोबरीत. अखेर फेब्रुवारी 1985 मध्ये सामना निकालाविनाच थांबवावा लागला. पुढे 2008 साली बिल्बाओच्या स्पर्धेत विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण ठेवला. दोन बरोबऱ्यांपेक्षा एक जीत आणि एक हार तिथे जास्त मोलाची ठरली.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मोहल्ल्यातल्या मुलामुलींची छोटी स्पर्धा घेतली. पुढे असलेल्या दोन मुलांनी सहा खेळ्यांतच हात मिळवला आणि अर्धा-अर्धा गुण खिशात घातला. आमच्यातले एकजण चिडून म्हणाले, "उद्यापासून बरोबरीला शून्य!" त्याच दिवशी आठवीतल्या एका मुलीने नुसत्या राजावर दीड तास झुंज देऊन डाव वाचवला होता. ती शांतपणे म्हणाली, "चाचा, मी हरले नाही ना? मग मला शून्य कशाला?"

सगळे गप्प झाले. चाचांचा राग रास्त होता, पण त्याची सजा भलत्यालाच मिळणार होती. शेवटी अर्धा गुण कायम ठेवला आणि तीस खेळ्यांच्या आत आपसात बरोबरी करायची नाही, असे ठरले. मोठ्या स्पर्धांतही हा उपाय झालेला आहे. 2005 साली सोफियाच्या स्पर्धेत आपसातल्या संमतीने बरोबरी करायला मनाई होती.

संगनमताची बरोबरी वेगळी आणि कमावलेली वेगळी. 2025 च्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने अनुभवी कोनेरू हंपीला दोन्ही मुख्य डावांत बरोबरीत रोखले. मग जलद डावांत जिंकून एकोणिसाव्या वर्षी ती विजेती ठरली. त्या दोन बरोबऱ्या नसत्या, तर पुढची संधीच नव्हती.

ज्यांच्या पटावर मुळातच मोहरी कमी, त्यांना या अर्ध्या गुणाची किंमत कळते. आपल्या समाजाला ती वेगळी समजावून सांगायला नको. अर्धा गुण ही खैरात नव्हे, टिकून राहणाऱ्याचा तो हक्क आहे. नियम करणाऱ्यांनी तो हक्क सांभाळावा, आणि नियम काय तो डाव मांडण्याआधी सांगावा, एवढेच आमचे मागणे.